मुसळ जुळलं की ओठ जुळत नाहीत

४ मे

ही डायरी जानेवारीपासून गादीखाली पडून आहे. पप्पांना कंपनीत मिळाली, त्यांनी ज्ञानूला दिली. ज्ञानू म्हणजे ज्ञानेश्वरी, माझी बहीण, माझ्यापेक्षा लहान पण बोलायला आईपेक्षा मोठी. तिने ती माझ्यासमोर आपटली आणि म्हणाली, "दादा, तुझं डोकं एका जागी बसत नाही ना, ते इथे बसव." मी म्हटलं, उद्यापासून. मग सुरतेचा एक दोस्त आला, मग पेन सापडेना, मग फेब्रुवारीच्या एका पानावर आईने गॅसवाल्याचा नंबर लिहून ठेवला आणि मला वाटलं, आता ही डायरी आईचीच झाली. आळस, दुसरं काही नाही. आज बसलोय कारण डोक्यात इतका गुंता झालाय की कुठेतरी ओतायला पाहिजे.

मी बबलू. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघणार नाही. बारावी मधेच सोडली. कुरियर केलं, मोबाईलच्या काचा बसवल्या, दमणला एका हॉटेलात राहिलो, तिथून का आलो ते आता आठवत नाही. पप्पा सांगोल्याहून बोईसरला आले तेव्हापासून एकाच कंपनीच्या एकाच गेटातून आत जातात आणि बाहेर येतात. परवा म्हणाले, "आता लई फिरलास. एक जूनपास्नं पॅकिंगला लागायचं."

एकच सूट दिली आहे. दर्पणदादाच्या स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओचं जे काम चाललंय ते नीट झालं आणि त्याने मला कायमचं ठेवलं, तर पॅकिंग रद्द.

दर्पणदादा तारापूरचा. बंदराजवळ घर, मासेमारीवाले लोक. स्वतः कधी होडीत बसला नाही, उलटी होते म्हणतो. बोईसरला स्टेशनच्या बाजूला स्टुडिओ टाकलाय. लग्न त्याच्याच शेजाऱ्यांचं, नवशाकाकांच्या हेमालीचं. लग्न एप्रिलमध्ये झालं. पंचवीस तारखेला, होड्या पावसाळ्यासाठी वर ओढायच्या आधी, घरी सत्यनारायण आहे. हेमाली आणि जावई येणार, आणि त्या संध्याकाळी अंगणात मोठ्या पडद्यावर हा पिक्चर लागणार. सगळं गाव बघणार.

पेन संपत आलंय. जेवायला बोलावतायत.

६ मे

दर्पणदादाने वेगाचा ग्राफ शिकवला.

क्लिपवर एक रेघ असते. रेघ वर ओढली की माणसं पळतात, खाली ओढली की तरंगतात. मधलं वळण गोल केलं की पळता पळता माणूस अलगद तरंगायला लागतो. त्यालाच लोक सिनेमॅटिक म्हणतात. मी पहिल्यांदा केलं तर सगळ्यांना धक्का बसल्यासारखं झालं. दर्पणदादा म्हणाला, "वळण गोल पाहिजे रे. खाडीत होडी वळते तसं. बोईसरचा रिक्षावाला वळतो तसं नको."

गंमत अशी की हळू केलं की काहीही मोठं वाटतं. नवशाकाकांना हळदीच्या भुकटीने शिंक आली होती. ती शिंक मी हळू केली, तर वाटलं की मुलगी सासरी चालली म्हणून बाप आतून फुटतोय. मी म्हटलं, "दादा, ही शिंक आहे."

"ठेव."

"पण शिंक आहे ना."

"बघणाऱ्याला काय ठाऊक? बायका रडतील. ठेव."

ठेवली. पण घरी येताना डोक्यात तेच. वेग बदलला की खोटं होतं का? की शिंक देताना त्यांच्या मनात खरंच तेच होतं, आणि आपल्याला साध्या वेगात दिसलं नाही? रस्त्यात पप्पा पुढे चाललेले दिसले, डब्याची पिशवी हलवत. मी त्यांना मनातल्या मनात हळू केलं. एकदम म्हातारे वाटले. मग हाक मारली नाही, मागूनच चालत घरी आलो.

९ मे

अडकलो. नीट लिहून काढतो, म्हणजे मला तरी कळेल.

दर्पणदादाच्या लोकांच्या लग्नात भटजी असतो, पण हळदीच्या दिवशी मान धवलारणीचा. धवलारीण म्हणजे धवला गाणारी बाई. उखळात हळद कुटताना ती लग्नाला सगळ्यांना बोलावते. आधी देव, मग समुद्र, मग त्या घरातली मेलेली माणसं, एकेक नाव घेऊन. नाव घेतलं की तो माणूस मांडवात आला असं धरतात. नाव राहिलं तर तो बाहेर रुसून उभा राहतो. तारापूरची धवलारीण म्हणजे गोदूबाई. गावातल्या घराघरातली मेलेली माणसं तिच्या तोंडात आहेत, कुठे लिहिलेली नाहीत. ती एक ओळ म्हणते आणि तिच्या मागे बसलेल्या बायका ती झेलतात, म्हणजे तीच ओळ परत म्हणतात. तिच्या पाठीला लागून तानी नावाची बाई बसते, ती झेलणाऱ्यांत पहिली.

नवशाकाकांनी फोनवर बजावलंय, "बाकी काय पन काप. नावं कापायची नाय. माझा आजा कापलास तर तुना खाडीत टाकीन." म्हणजे हा भाग कात्रीने छोटा होणार नाही. हातात फक्त वेग.

दर्पणदादाला हाच भाग हळू पाहिजे. गोदूबाईचा चेहरा पूर्ण पडदाभर, सुरकुत्या, कपाळावर हळद. त्याने तो शॉट हळू करता येईल असाच घेतलाय, त्यात आवाज येत नाही. आवाज दुसऱ्या कॅमेऱ्यातून उचलून खाली जोडायचा. जोडताना खूण म्हणून मुसळ घेतलं. मुसळ उखळात पडलं की धप्प. चित्रातलं मुसळ आणि आवाजातला धप्प एकावर एक बसवला की सगळं बसायला पाहिजे.

देवांच्या नावांपर्यंत बसतं. मेलेल्या माणसांची नावं सुरू झाली की बिघडतं. नाव ऐकू येतं तेव्हा गोदूबाईचे ओठ हलत नाहीत. ओठ हलतात तेव्हा नाव होऊन गेलेलं. मी आवाज पुढे सरकवला, तर ओठ जुळले आणि मुसळ बिघडलं, हवेत असतानाच धप्प. मुसळ जुळलं की ओठ जुळत नाहीत. ओठ जुळले की मुसळ जुळत नाही.

आणि हळू केल्यावर तर अजूनच वेडं दिसतं. मागे बसलेल्या तानीचे ओठ आधी हलतात. म्हणजे झेलणारी आधी आणि टाकणारी नंतर. असं कसं होईल? लॅपटॉप गरम होतो, त्याने काहीतरी गडबड केली असणार. प्रोग्रॅम काढून परत टाकला. तेच.

१२ मे

आज तारापूरला जायचं होतं, होड्यांचे आणि घराचे थोडे शॉट घ्यायला. बसस्टँडला उभा होतो, तेवढ्यात एक ओळखीचा म्हणाला, वैतरण्याला खाडीत बगळे उतरलेत, पाणी दिसत नाही इतके. गेलो वैतरण्याला.

बगळे होते, पण पाणी दिसत होतं. तरी पुलाखाली बसून राहिलो. एक बगळा हळू क्लिपसारखा उडतो, म्हणजे त्याला हळू करायची गरजच नाही. मग विचार आला की त्याला आपण हळू दिसत असू का. मग भूक लागली.

दर्पणदादाचे पाच फोन येऊन गेले होते. सांगितलं, ताप आहे.

१४ मे

तारापूरला जाऊन आलो. डोकं आणखी बिघडलं.

होड्यांचे शॉट घेतले, सुकत घातलेल्या बोंबलांचे घेतले. नवशाकाकांच्या अंगणात बसलो होतो, तर समोरच्या बोळातून गोदूबाई आली. पुढे ती, मागे तानी. मी तानीला ओळखून हसलो आणि म्हटलं, "मावशी, जरा विचारायचं होतं." तानी थांबली नाही की बोललीही नाही. नुसतं हनुवटीने पुढे दाखवलं, म्हणजे आधी तिला विचार. नवशाकाका नंतर म्हणाले, त्यांच्यात तसंच असतं. बोळ असो, मांडव असो, धवलारीण पुढे आणि झेलणारी मागे. आणि धवलारीण कुणाच्या दारात आपणहून जात नाही. सुपारी देऊन आवतण द्यायला लागतं. अंगणात आली कारण काकांनी पूजेचं आवतण द्यायला बोलावलं होतं.

गोदूबाईने मला जवळ बोलावलं. लहानशी बाई, पण बसली की पाटावर देवी बसल्यासारखी.

"तू कोनाचा रं?"

"आनंदा मानेंचा. बोईसरला असतो. बबलू."

"फिल्लमवाला पोर तू?"

"हो."

"मग मना सांग. माजा गाना तू हळू-हळू करतंस?"

दर्पणदादाने तिला मोबाईलवर नमुना दाखवला होता, हेमाली हळूहळू मान वळवते तो. तो गावात सगळ्यांना फार आवडला आहे. मी खुशीत म्हटलं, "हो बाय, तुमचाही तसाच करणार. पडदाभर."

तिने तानीकडे बघितलं नाही, पण हात मागे नेला आणि तानीने तो धरला.

"माजा हळू नको," ती म्हणाली. "माजा पळव."

"पळव म्हणजे?"

"जोरात. गाडी जाते तशी. होऊ दे मेला एकदाचा."

मी हसलो. म्हटलं, "बाय, तुमचा चेहरा इतका चांगला आलाय. हळूच छान दिसेल, सगळे बघत राहतील."

"तेच नको," ती म्हणाली. मग थोडा वेळ समुद्राकडे बघत बसली आणि म्हणाली, "तू कोनाचा रं?"

मी परत सांगितलं. म्हाताऱ्या माणसांना ऐकू कमी येतं. जाताना तिने तानीला "चल गो जमना" म्हटलं. जमना कोण ते विचारायचं राहिलं.

बसमध्ये विचार करत होतो. ही बाई चेहऱ्याला लाजते, हे तर वाटत नाही. गावाला हुकूम सोडणारी बाई. मग पळवायचं कशाला? फॅशन म्हणून? आजकाल मोबाईलवर सगळंच पळतं, नातवंडांचं बघितलं असेल.

१५ मे

दर्पणदादाला सांगितलं की गोदूबाईला जोरात पाहिजे. तो म्हणाला, "तिला काय कळतं? स्लो ठेव. सुरकुत्या, मागे व्हायोलिन. लोक रडायला पाहिजेत."

"ओठ जुळत नाहीत पण."

"व्हायोलिन मोठं कर. ओठ कोण बघतो?"

मी बघतो, असं म्हणणार होतो. व्हायोलिन मोठं केलं.

१८ मे

ज्ञानूने एका मिनिटात सोडवलं. पण सोडवलं म्हणून बरं झालं असं काही नाही.

लॅपटॉप घरी आणला होता. शुक्रवारपासून आमच्या चाळीत लाइट सारखी जातेय, त्यामुळे घाईत चाललं होतं. ज्ञानू केस विंचरत मागे उभी होती.

"काय चाललंय तुझं? तीच बाई चार दिवस."

"आवाज जुळत नाही. बघ ना, नाव आधी येतं आणि ओठ नंतर."

"मग ते नाव तिचं नाहीच."

"म्हणजे?"

"मागची म्हणतेय, मग पुढची म्हणतेय. तुझं जुळलेलंच आहे, मुसळ बघ ना."

मी म्हटलं, "अगं, मागची झेलते. झेलणारी आधी कशी म्हणेल?"

तिने कंगवा माझ्या डोक्यावर हाणला. "म्हातारी विसरलीय रे येड्या. मागची कानात सांगतेय तिला."

मी परत लावलं. मुसळ जुळवून लावलं, हळू केलं. देवांची नावं गोदूबाई सरसर म्हणते, समुद्राचं म्हणते. मग नवशाकाकांच्या आज्याचं नाव यायला पाहिजे तिथे तिचं तोंड उघडतं आणि तसंच राहतं. डोळे छताकडे जातात. तानी तिच्या खांद्याआडून ओठ हलवते. मग गोदूबाईला सापडतं आणि ती म्हणते, आणि बाकीच्या बायका झेलतात. प्रत्येक नावाला तेच. साध्या वेगात ही फट इतकी बारीक आहे की मांडवात कुणालाही कळली नाही. मी हळू केली म्हणून दिसली.

म्हणजे माझा लॅपटॉप बरोबर होता. आणि ऐकू कमी येत नाही तिला.

शिंक हळू केली तर खोटी झाली, आणि हे हळू केलं तर खरं निघालं. मग हळूचा काय भरवसा?

ज्ञानूला विचारलं, "साध्या वेगात ठेवू?" ती म्हणाली, "मला आता साध्या वेगातपण दिसतंय. तारापूरवाल्यांना तर आपापल्या घरची नावं पाठ असतील, आणि चेहरा पडदाभर. दिसणारच."

२० मे

स्टुडिओतून निघालो ते उगाच बाजारात गेलो. तिथे तानी सुकट घेऊन बसलेली. मंगळवारी बसते म्हणे. मी समोर उकिडवा बसलो आणि सुकट चिवडत राहिलो.

"घ्यायची असल तर घे, नाय तर हात काढ," ती म्हणाली.

मी हळूच म्हटलं, "मावशी, हळदीचं बघितलं मी. बारकाईने. नावं तुम्ही आधी म्हणता."

तिने आजूबाजूला बघितलं. मग माझ्या हातातली सुकट काढून घेतली.

"कोनाला बोललास?"

"बहिणीला. ती तारापुरात कुणाला ओळखत नाही."

"बग पोरा. बाय इसरते हा गावात कळला तर तिला परत मांडवात कोन बसवील? लोक म्हनतील, हेमालीच्या हळदीला मानसा आलीच नाय, बायर उबी रायली. मग हेमालीला काय झाला, पोर राहिला नाय, जावई पडला, सगळा बायच्या माथी."

"मग तुम्हीच म्हणा ना पुढे बसून. तुम्हाला तर सगळी येतात."

ती अशी बघायला लागली जणू मी तिला सुकटीऐवजी दगड विकायला सांगितले.

"तिच्या जागंवर आपला आपन जाऊन बसायचा? जित्या बायच्या? ती हातानी पुढं करील तवा. नायतर मागं ते मागं. तिनी मना पोरगी असल्यापासून शिकवला, मी तिला उठवू?"

"ती करत का नाही मग पुढे?"

"ता तिला इचार." मग सुकट सारखी करत म्हणाली, "कदी कदी तिला आटवतच नाय की ती इसरते."

एक बाई आली, भाव करायला लागली. तानी तिच्याशी भांडण्यात गुंतली. मी उठलो. तिने मागून हाक मारली आणि कागदात बांधून मूठभर सुकट दिली. आईने कालवण केलं. मला चव लागली नाही, पण ते सुकटीमुळे नसावं.

२२ मे

दर्पणदादाने काल हळूवाला पिक्चर बघितला, डोळे पुसले, म्हणाला, "पास. तू राहतोस इथे." म्हणजे पॅकिंग रद्द. मी घरी सांगितलं. पप्पांनी आपल्या ताटातली पापडी माझ्या ताटात टाकली.

आज दर्पणदादा वसईला गेला होता. मी एकटा बसलो आणि दुसरी आवृत्ती केली.

कापलं काही नाही. हळद कुटणं हळू ठेवलं, मुसळ वर जातं ते तर ढगात गेल्यासारखं. देवांची नावं साध्या वेगात. मेलेल्या माणसांपाशी आलो की रेघ वर ओढली, अगदी वरपर्यंत. तोंडं इतकी भराभर हलतात की कोण आधी, कोण नंतर, कुणाच्या बापाला कळणार नाही. सगळी नावं आहेत, मिक्सरमध्ये घातल्यासारखी. शेवटच्या नावानंतर वळण गोल करून परत हळू, तिच्या हातातून हळदीचे तांदूळ पडतात तिथे. वळण चांगलं झालंय. खाडीतल्या होडीसारखं.

बघताना मलाच हसू आलं. तिचं डोकं चिमणीसारखं टुकटुक होतं. मग हसू गेलं. हे बरोबर आहे का? तिने सांगितलं तेच केलं. पण तिने सांगितलं तेव्हा तिला ठाऊक होतं का, हे असं दिसेल म्हणून?

दोन्ही पेनड्राइव्हवर टाकल्यात. कुठली लावायची ते ठरलं नाही. ज्ञानूला विचारलं तर म्हणाली, "काम तुझं, पॅकिंगपण तुझंच." हिला भाऊ नसता तर बरं झालं असतं.

२५ मे

आताच तारापूरहून आलो.

दिवेलागणीला पडदा लागला. अंगण भरलेलं, दुरुस्तीसाठी वर काढलेल्या दोन होड्यांवरसुद्धा पोरं चढून बसलेली. हेमाली नवऱ्याशेजारी पुढे. गोदूबाई पाटावर, तानी तिच्या मागे. सुरू व्हायच्या आधी शेजारच्या रिद्धीची आई आली आणि लेकीच्या दिवाळीनंतरच्या लग्नासाठी सगळ्यांदेखत गोदूबाईच्या हातात सुपारी ठेवली. नवशाकाका म्हणाले, सुपारी मिळाली की धवलारीण ती लगेच कमरेला खोचते. गोदूबाईने खोचली नाही. मुठीत धरून बसली.

दर्पणदादा म्हणाला, "लाव." मी गोदूबाईकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती, पडदा पांढराच होता तरी. मी दुसरी आवृत्ती लावली.

शिंकेला बायका रडल्या. मुसळ वर गेलं तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. देव झाले, समुद्र झाला, आणि मग गोदूबाई पळायला लागली.

आधी पोरं हसली. मग बायका. मग होडीवरचं एक पोर हसता हसता खाली पडलं आणि त्यावर सगळं अंगण. तिचं डोकं टुकटुक, मागे तानीचं टुकटुक, मेलेली माणसं भर्रकन मांडवात. तांदूळ हळू पडायला लागले तोपर्यंत कुणाचं लक्षच नव्हतं.

नवशाकाका उठले. "बंद कर! आमच्या गावची धवलारीन हाय ती, सर्कसमदली बाय नाय! माजा आजा असा पळत आला मांडवात? कोनी सांगितला तुना असा करायला?"

मी गोदूबाईकडे बघितलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती, सगळ्यांपेक्षा जास्त. तानी हसत नव्हती. काकांचा प्रश्न आला तशी गोदूबाई थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती बोलेल. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, हळदीला राहिलं होतं तसं.

मी म्हटलं, "कुणी नाही काका. मीच केलं. मला वाटलं मजा येईल."

"मजा!" काका म्हणाले. पुढचं लिहीत नाही.

दर्पणदादाने गाडीतून मला घराच्या कोपऱ्यावर सोडलं आणि म्हणाला, "पेनड्राइव्ह दे. आणि उद्यापासून येऊ नको."

२६ मे

पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "पर तू केलंस का तसं?" मी म्हटलं, असंच. खरं सांगितलं तर ते उद्या गेटावर कुणाला तरी सांगणार, तो तारापूरचा असणार. पप्पा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला हळू केलं होतं की काय कुणास ठाऊक.

एक तारखेला पॅकिंग.

ज्ञानू म्हणते, मी बरोबर केलं. मग मला बरोबर केल्यासारखं का वाटत नाही? सगळं गाव हसलं तिला. मला वाचवायचं होतं आणि मी तिचा पचका केला. पण ती हसत होती. हसत होती म्हणजे तिला चाललं, की चाललं नाही म्हणून हसत होती? तो शॉट माझ्याकडे नाही, नाहीतर हळू करून बघितला असता. बघितला असता तरी काय दिसलं असतं, याचा आता मला भरवसा नाही.

२८ मे

दुपार. पप्पांनी माझ्यासाठी गणवेशाचं माप द्यायला सांगितलंय, ते द्यायला निघालो होतो आणि मधेच हे लिहायला बसलो.

दर्पणदादाचा सकाळी फोन आला होता. रागात नव्हता, गोंधळलेला वाटला. म्हणाला, "गोदूबाईने काल तुझा पत्ता विचारला. तुझं नाव काही तिला आठवेना, पळवणारा पोर म्हणत होती. कशाला पाहिजे म्हटलं तर बोलली नाही. तू काय केलंस आणखी?" मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नाही. शिव्या द्यायला निरोप पाठवील, एवढंच. ती स्वतः तर यायची नाही, आवतणाशिवाय ती कुणाच्या दारात

ज्ञानू बाहेरून ओरडतेय. "दादा, तुझ्या पिक्चरमधल्या बायका आल्यात!"

शक्य नाही. आमच्यातल्या कुणी सुपारी दिलेली नाही.

खिडकीतून वाकून बघितलं. रिक्षा कोपऱ्यावर उभी आहे. आमचा बोळ अरुंद, एकामागे एकच माणूस येतो. दोघी येतायत, उन्हात, सावकाश. तानी पुढे आहे. गोदूबाई तिच्या मागे, तिच्या पाठीवर हात ठेवून.

मीच उलटं बघतोय असं वाटलं. म्हणून परत वाकून बघितलं. क्रम तोच आहे.